निजफुलाचं पिल्लू

त्या सकाळी काचघरात चारशे रोपं एकदम फुलली होती, आणि डॉ. ऋजुता तिरोडकरला त्यांतलं एकही फूल नजरेसमोर नको होतं. तळहाताएवढी पांढरीशुभ्र फुलं, औषधालासुद्धा डाग सापडू नये अशी. पानं जाड, हिरवीगार. आमर कुळातलं, म्हणजे लोक ज्याला ऑर्किड म्हणतात त्या जातीचं रोप याहून निरोगी असूच शकत नाही. वर्षभरापूर्वी हे दृश्य दिसलं असतं तर तिनं घाटमाथ्यावरच्या त्या अख्ख्या संवर्धन केंद्राला पेढे वाटले असते. आज ती फुलांकडे पाठ करून उभी होती, कारण तिचा नवरा निषाद गेले एकोणीस दिवस झोपला नव्हता.

झोपला नव्हता म्हणजे रात्रभर कूस बदलली आणि पहाटे कुठे डोळा लागला, असलं ते नव्हे. एक मिनिटसुद्धा नाही. जागरोग झालेल्या माणसाच्या मेंदूतलं झोपेचं दारच बंद होतं. गोळ्यांचा उपयोग नाही, भूल दिली तर नुसती गुंगी येते, झोप येत नाही. आधी चालताना तोल जातो, मग नसलेली माणसं दिसू लागतात, आणि चार-पाच महिन्यांत सगळं आटोपतं. देशभरात असे चौऱ्याऐंशी रोगी होते आणि दरवर्षी त्यांत वीसेक नव्यांची भर पडत होती. इतकी वर्षं ती माणसं जगली ती एका फुलाच्या वासावर.

त्याला लोक निजफूल म्हणत. दुपारी दोनच्या सुमाराला ते वास सोडायचं, आणि तो उशाशी असला की जागरोग्याला चार तास गाढ झोप लागायची. तेवढी त्याला पुरायची. हा वास बाटलीत भरता येत नव्हता. त्यातला नेमका झोपवणारा घटक फुलाबाहेर पडला की दीड मिनिटात तुटून जायचा. वीस वर्षं भल्याभल्यांनी डोकेफोड केली, पण तो कुठल्या यंत्राच्या हाती लागला नाही. म्हणून प्रत्येक रोग्याच्या घरी औषधाच्या कपाटाऐवजी चार-पाच कुंड्या असत, आळीपाळीनं फुलणाऱ्या.

त्या कुंड्या येत कुठून, हेही सांगायला हवं. निजफुलाच्या दांडीवर कधीकधी फूल यायच्या जागी एक चिमुकलं रोप धरतं. आधी दोन पानं, मग मुळं. त्याला म्हणायचं दांडपिल्लू. मुळं दोन पेरं लांब झाली की ते आईपासून सोडवून वेगळं लावायचं. नवा रोगी सापडला की जवळपासचा एखादा जुना रोगी त्याला आपल्याकडचं पिल्लू नेऊन द्यायचा. पिल्लू विकायचं नाही, आपण होऊन मागायचं नाही, आणि एकदा दिलं की त्यावर हक्क सांगायचा नाही. ज्याचं पिल्लू घरात आलं तो सोयरा झाला. त्याच्या घरच्या कार्याला जायचं, तो गेला तर त्याचं सुतक धरायचं. हे नियम कुणी कागदावर लिहिले नव्हते, तरी नागपूरपासून कारवारपर्यंत सगळीकडे पाळले जात होते.

मग रोपंच आजारी पडू लागली. पानांवर पिवळे ठिपके, पाकळ्यांवर जांभळ्या रेघा, दरवर्षी फुलं कमी. काही रोपं तर फुलायचं सोडून नुसती पिल्लंच टाकू लागली. लोकांना वाटे, बरकत आली. ऋजुताला त्याचा अर्थ ठाऊक होता. आमर मरायला टेकली की फुलाचे लाड करत बसत नाही. अंगातला उरलासुरला जीव दांडीवर लोटते आणि पिल्लू काढते. तिनं तपासलं तर सगळ्या रोपांत एकच विषाणू निघाला. पिढ्यान्‌पिढ्या पिल्लांबरोबर तो उतरत आला होता.

ऋजुता स्वच्छतेची वेडी. सत्तावीस वर्षांच्या संसारात नवऱ्याला तिनं चपला घालून एकदाही काचघरात येऊ दिलं नव्हतं. तिनं दोन वर्षं खपून शेंडा-संवर्धन केलं. रोपाच्या वाढत्या टोकाचा मोहरीएवढा तुकडा घ्यायचा, उष्णता देऊन तो बाटलीत वाढवायचा, की निघालेलं रोप निर्मळ. मग तिनं फतवा काढला: नवं रोप घ्या, जुनं द्या. जुनं आणि नवं एक दिवसही एका छपराखाली ठेवायचं नाही, नाहीतर रोग पुन्हा लागायचा. घरोघरची जुनी रोपं आणून भट्टीत जाळली. पहिली कुंडी निषादची.

निषाद सावंतवाडीच्या शाळेत गणित शिकवायचा. कुंडी तिच्या हातात देताना तो म्हणाला होता, "अकरा वर्षं हिनं मला निजवलं. तू कधी अंगाई म्हटलीस का सांग. आणि आता सवतीला चितेवर चढवतेस."

"तुझ्याच भल्यासाठी," ती हसत म्हणाली होती. ते तिचं तिलाच आता कानात घण घातल्यासारखं ऐकू येत होतं.

डॉ. इम्तियाज मुल्ला हे केंद्रातले विषाणुतज्ज्ञ, मूळ रत्नागिरीचे, निवृत्तीला टेकलेले. ते काचघराच्या दाराशी येऊन चपला काढून उभे राहिले आणि म्हणाले, "ऋजुता, सापडलं. बस आधी."

"उभ्यानंच ऐकते."

"बस म्हणतो ना." ती बसली तसे तेही समोरच्या बाकावर टेकले. "बी आणि पिल्लू यांतला फरक मी तुला शिकवावा, एवढा मी आगाऊ नाही. पण उजळणी करू. बी म्हणजे नवा जीव. आईबापांचं थोडं थोडं घेऊन कोऱ्या पाटीवर सुरुवात करतो. पिल्लू हा नवा जीव नव्हेच. ती आईच असते, दांडीवर सरकून बसलेली. म्हणून आईच्या अंगात जे जे असेल ते पिल्लात जसंच्या तसं उतरतं. रूप उतरतं, वास उतरतो..."

"आणि रोगही उतरतो. म्हणून तर मी शेंडा घेतला. टोक इतक्या झपाट्यानं वाढतं की विषाणूला तिथवर पोचायला सवड होत नाही. तो मागे राहतो."

"राहिला. आणि औषधही त्याच्याबरोबर मागे राहिलं."

मुल्लासरांनी खिशातून दोन कागद काढले आणि मांडीवर शेजारी शेजारी ठेवले.

"वीस वर्षांच्या नोंदी आहेत. या कागदावर कुणाच्या फुलांवर किती जांभळ्या रेघा होत्या ते. आणि या कागदावर कोण किती झोपलं ते. दोन्ही आपल्याच कपाटात होत्या, कुणी एकत्र ठेवून पाहिल्या नाहीत. जितक्या रेघा जास्त, तितकी झोप जास्त. तो झोपवणारा घटक रोपाचा स्वतःचा नाहीच. विषाणू अंगात शिरला की रोप त्याच्याशी झगडतं, आणि त्या झगड्यात तो तयार होतो. आपल्याला ताप येतो ना, तसा तो रोपाचा ताप होता. आपली माणसं त्या तापावर झोपत होती. तू रोपांचा ताप उतरवलास."

"पण चाचणी घेतली होती आपण," ती म्हणाली. "सहा रोग्यांवर, दहा दिवस. सगळे झोपले. निषादसुद्धा."

"जुन्या कुंड्या तेव्हा कुठे होत्या?"

ती आठवू लागली. फतव्याच्या आधीची गोष्ट; जुन्या कुंड्या नुसत्या पडवीत नेऊन ठेवल्या होत्या. कोकणातल्या घरांची दारं दुपारची कोण लावतं? वारा पडवीतून माजघरात यायचा. ती दहा दिवस त्यांना झोपवत होती ती पडवीतली आजारी फुलं, आणि ऋजुतानं यश मांडलं ते खोलीतल्या निरोगी फुलांच्या नावावर.

"मग पुन्हा रोग लावू या," ती घाईघाईनं म्हणाली. "चारशे रोपं आहेत. सुरीनं, रसानं..."

"सुरीला लागून हा जात नाही, किड्यानं जात नाही. पेशीबाहेर आला की मरतो. तो जातो फक्त जित्या अंगातून जित्या अंगात, म्हणजे पिल्लातून. आणि त्यासाठी आजारी आई लागते. एखादी राहिली असेल का?"

"नाही," ऋजुता म्हणाली. "एकेक नंबर मी स्वतः ताडून पाहिला आहे." आपल्या काटेकोरपणाची तिला आयुष्यात पहिल्यांदा किळस आली.

पुढच्या चार दिवसांत तिनं आपलं घर सोडून उरलेल्या त्र्याऐंशी घरी स्वतः फोन केले आणि झालं ते सांगितलं. कुणी शिव्या घातल्या, त्या तिनं ऐकून घेतल्या. नागपूरच्या एक बाई म्हणाल्या, "तुम्ही चांगल्यासाठीच केलंत हो मॅडम." त्यानंतर तिला बराच वेळ पुढचा नंबर लावता आला नाही. एकट्या केळूसच्या रेश्मा गावकरांचा फोन लागला नाही. वेळ दुपारची होती, नुसता वाजत राहिला.

प्रत्येक रोग्याच्या मनगटावर निद्रापट्टा असायचा आणि त्यानं मोजलेली झोप केंद्रात यायची. यादीत सगळ्यांत वाईट अवस्थेतली माणसं वर दिसत, म्हणून सगळ्यांचं लक्ष वरच असे. त्या न लागलेल्या फोनमुळे ऋजुता यादीच्या तळाशी गेली. त्र्याऐंशी ओळी शून्यावर होत्या. चौऱ्याऐंशीव्या ओळीत लिहिलं होतं: रेश्मा गावकर, वय एकाहत्तर, चार तास दहा मिनिटं. कालची, परवाची, सगळ्या महिन्याची तीच गत.

ती केळूसला पोचली तेव्हा अडीच वाजले होते. दार उघडंच होतं. आतून घोरण्याचा आवाज येत होता, चांगला खणखणीत. तिला हाक मारवेना. ती पडवीतल्या बाकावर बसून राहिली आणि साडेसहापर्यंत तिनं दुसऱ्या माणसाची झोप ऐकली. मधेच तिला रडू आलं. असूयेनं आलं, हे तिनं स्वतःशी लपवलं नाही.

रेश्माकाकी उठून बाहेर आल्या, तिला बघून जराही दचकल्या नाहीत. "इलंस? माका ठावक होता, एक दिस येतलंस म्हणान. चाय घेतलंस?"

"काकी, तुम्ही रोप दिलं नव्हतंत."

"पाचांतली चार दिली. पाचवा बाजारातला दिलंय, चिठ्ठी बदलून." त्या समोर बसल्या. "बत्तीस वर्सां एसटीत कंडक्टर होतंय. बिनतिकिटाचो एक माणूस कधी सोडूक नाय. पण ह्या रोपाचा पिल्लू माका फ्रान्सिसान दिलेला. फ्रान्सिस डिसोझा, वेंगुर्ल्याचो. तो गेलो तेवा मी सुतक धरलंय. त्याचा रोप माझ्या हातान जाळूक देऊ? माका जमला नाय गो."

एवढंच कारण होतं. विज्ञान नाही, संशय नाही. सोयरिकीतली भीड. ऋजुतानं त्यांना सगळं सांगितलं, आणि काकी तिला आत घेऊन गेल्या.

स्टुलावर कुंडी होती. दोनच पानं, तीही ठिपक्यांनी भरलेली. एक दांडी, तिच्यावर जांभळ्या रेघांची तीन फुलं, लिंबाएवढी. ऋजुतानं भिंग लावून दांडी तपासली. खालचे डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, वाळले होते; एकच डोळा जिवंत होता, हिरवा, तांदळाच्या दाण्याएवढा.

"तीन फुलं एका माणसाक जेमतेम पुरतत," काकी म्हणाल्या. मग तिच्याकडे बघून विचारलं, "घोव कसो आसा तुझो?"

ऋजुता भिंग पुसू लागली. घेणाऱ्यानं मागायचं नसतं, आणि तिला तर मागायचा काही अधिकारही उरला नव्हता. काकींनी पिशवीत दोन लुगडी भरली, दाराला कडी घातली आणि कुंडी पोटाशी धरून गाडीत जाऊन बसल्या.

दुसऱ्या दिवसापासून सावंतवाडीच्या घरात दोन खाटा जवळजवळ आल्या आणि मधे स्टुलावर कुंडी. पहिल्या दुपारी निषाद चाळीस मिनिटं झोपला. उठल्यावर त्यानं चेहऱ्यावरून हात फिरवला. "ऋजू," तो म्हणाला, "मला स्वप्न पडलं. पोरं नऊचा पाढा चुकत होती. इतकं छान वाटलं." ऋजुता स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून रडून आली.

पुढे दोघांना दीड-दीड तास मिळू लागला. एकाच्या वाट्याची झोप दोघांत; धड कुणालाच पुरत नव्हती. काकींचा तोल जायला लागला. त्या म्हणायच्या, "एसटीत उभ्यान गेलंय सगळा जन्म, पडूचंय नाय."

फुलं आणखी तीनेक आठवडे टिकली असती. प्रश्न होता त्या एका डोळ्याचा; शेंड्याखेरीज रोपाचा दुसरा तुकडा बाटलीत जगत नव्हता, आणि शेंड्यात विषाणू नसायचा. मुल्लासर येऊन बघून गेले आणि दोघांच्याही समोर त्यांनी स्पष्ट सांगितलं. डोळा तसाच ठेवला तर त्यातून फुलांची फांदी येऊ शकेल. दोन महिन्यांत फुलं, मग तीन महिने झोप. त्या फुलोऱ्यानंतर रोप मरणार, आणि त्याच्याबरोबर विषाणूही. त्याऐवजी डोळ्यावर पिल्लूलेप लावला, तर तिथे पिल्लू धरेल. ते फुलायला दीड वर्ष लागेल, म्हणजे आज जे जागे आहेत त्यांच्या कुणाच्याच कामाचं नाही. पण त्या पिल्लाला पिल्लं होतील, त्यांना आणखी होतील, आणि पुढे ज्यांना जागरोग होईल त्यांच्या उशाशी फूल असेल. डोळा एक. फूल किंवा पिल्लू.

"काय वाढून ठेवलंय बघा," निषाद म्हणाला. "एका पारड्यात आम्ही दोघं, तीन महिने. दुसऱ्यात किती माणसं, किती वर्षं, मोजताच येत नाहीत. आणि म्हणे गणित अवघड असतं." तो काकींकडे वळला. "रोप तुमचं. तुम्ही सांगायचं."

"फ्रान्सिसान पिल्लू दिल्यान तेवा माझा तोंड बघून नाय दिल्यान," काकी म्हणाल्या. "लेप लाव गो बाय."

"लाव," निषादही म्हणाला.

ऋजुता कुंडी उचलून आतल्या खोलीत गेली. लेपाची पिवळी डबी तिनं उघडली. शेजारी मेणाची डबी होती, कापलेल्या जागा बंद करायला लागतं ते मेण, रंग तसाच. काडी लेपात बुडवून तिनं डोळ्याजवळ नेली. हे लावलं की निषाद मेला. इतका साधा हिशोब होता. जी रोपं तिनं जाळली ती न बघता जाळली होती, यात तिचा गुन्हा होता आणि सुटकाही होती. हे मात्र ती बघून करणार होती. बाहेर निषाद काकींना कसला तरी विनोद सांगत होता, आणि त्याची जीभ शब्दांवर अडखळत होती.

काडी तिनं पुसून टाकली. डोळ्यावर मेण लावलं. नुसतं मेण, ज्यानं काहीच होत नाही. आणि देवाला न मानणाऱ्या त्या बाईनं हात जोडले आणि फूल मागितलं. आपण मागतोय ते येणाऱ्या कितीतरी जिवांच्या तोंडातलं काढून मागतोय, हे तिला कळत होतं. तरी मागितलं.

बाहेर येऊन ती म्हणाली, "लावला."

तीन आठवड्यांनी फुलं गळली. दोघांची झोप संपली. डोळा फुगत होता, पण सुरुवातीला फूल आणि पिल्लू सारखंच दिसतं. हिरवा ठिपका नुसता. ऋजुता दिवसातून दहा वेळा भिंग घेऊन बसायची. टोक निमुळतं झालं तर फांदी, पसरट झालं तर पान. निषादला कोपऱ्यात त्याची वारलेली आई बसलेली दिसू लागली. तो तिच्याशी अदबीनं बोलायचा, मग ओशाळून हसायचा. आधीच थकलेल्यांना चार-पाच महिनेही मिळाले नाहीत; त्या महिन्यात केंद्रात नऊ मृत्यूंच्या खबरा आल्या. नागपूरच्या बाईही गेल्या.

सहाव्या आठवड्यात एका सकाळी टोक उघडलं. पान होतं. पसरट, हिरवं, कडेला एक पिवळा ठिपका असलेलं. दुसरंही त्याच्या पोटातून डोकावत होतं.

ऋजुता भिंग धरून तशीच बसून राहिली. मरणारं रोप काय करतं, हे अख्ख्या केंद्रात तिच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. ते फुलत नाही, ते पिल्लू काढतं. तिनं हे शिकवलं होतं, छापलं होतं, त्यावर भाषणं दिली होती, आणि सहा आठवडे ते स्वतःपासून दडवून ठेवलं होतं. लेप लावला काय, न लावला काय, डोळ्यातून हेच येणार होतं.

काकी भिंतीला धरत धरत आल्या. त्यांनी पान पाहिलं, मग ऋजुताचं तोंड पाहिलं. वीस वर्षं त्यांनी दांड्यांवर पिल्लं धरलेली पाहिली होती. "लेपाक इतके दिवस लागनत नाय," त्या हळूच म्हणाल्या. ऋजुतानं मान खाली घातली. काकींनी तिच्या पाठीवर हात ठेवला, क्षणभर तसाच राहू दिला, आणि "मी वायच अंगणात बसतंय," म्हणून निघून गेल्या.

निषादला तिनं हाताला धरून कुंडीपाशी आणलं. त्याला दोन दोन दिसत होतं, एक डोळा मिटून त्यानं पिल्लू पाहिलं.

"धरलं," तो म्हणाला. "ऋजू, तू केलंस. मला वाटलं होतं तुझा हात धजणार नाही." तो पुढे म्हणाला, सावकाश, शब्द शोधत शोधत. "तुला एक सांगायचं होतं. तू लेप लावायला आत गेलीस ना, तेव्हा मी इथे काकींना हसवत होतो आणि मनात म्हणत होतो, हिचा हात थरथरू दे. हिनं नको लावू दे. रोज सकाळी त्या डोळ्याकडे बघून मी फूल मागत होतो. मोठ्या तोंडानं 'लाव' म्हणालो आणि... आयुष्यभर पोरांच्या कॉप्या पकडल्या, आणि शेवटी मलाच कॉपी करावीशी वाटली. लाज वाटते. तू खंबीर निघालीस म्हणून निभावलं."

हे ऐकून गप्प बसणं सोपं होतं. त्याला तिचा इतका अभिमान वाटत होता, तो तसाच घेऊन त्याला जाऊ द्यावं, असं तिच्या मनात आलंही. पण तो लाजत होता, एकटा लाजत होता, आणि ते तिला बघवेना.

"मी लेप लावला नव्हता," ती म्हणाली.

"काय?"

"नुसतं मेण लावलं. फूल यावं म्हणून. तुला झोप मिळावी म्हणून. तुम्हा दोघांशी खोटं बोलले. हे पिल्लू झाडानं आपल्या मनानं काढलं आहे."

मग त्यानं मिटलेला डोळा उघडला.

"चपला घालून काचघरात येऊ दिलं नाहीस कधी," तो म्हणाला. "माझी कुंडी पहिली जाळलीस, नियम म्हणजे नियम म्हणून. आणि माझ्यासाठी एवढी मोठी लबाडी केलीस?"

"केली."

"सगळ्यांचं वाटोळं करून मला ठेवणार होतीस."

"हो."

त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, ते त्यानं पुसलं नाही. "बरं झालं सांगितलंस," तो म्हणाला. "आता जायचं म्हटलं तरी तितकंसं एकटं वाटणार नाही."

तिनं त्याच्या मांडीवर डोकं टेकलं. कित्येक आठवडे तीही धड निजली नव्हती. रडता रडता तिचे डोळे जड झाले. निषाद तिला थोपटत राहिला, पोराला थोपटावं तसा, हात कापत होता तरी न थांबता. तिला झोप लागली. दुपार झाली, ऊन खिडकीतून कुंडीवर आणि तिथून भिंतीवर सरकलं, आणि तो थोपटतच होता.